मागावरची बोली

१४ सप्टेंबर

बाबा,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण या खोलीत पाय पसरायचे तर आधी दार उघडावं लागतं.

सुखरूप पोहोचल्याचं आईला फोनवर सांगितलंच आहे. तुम्ही तिच्या खांद्यावरून डोकावत होतात तेही दिसलं. पण एवढ्याशा पडद्यावर तुम्हाला माझे ओठ वाचता येत नाहीत, चित्र मध्येच अडखळतं आणि तुम्ही चिडून उठून जाता. म्हणून ठरल्याप्रमाणे तुमच्यासाठी हे पत्र. आईला फोन, तुम्हाला पत्र. भांडू नका.

खोलीत दोन पलंग, एक टेबल आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, आणि मान वाकडी केली तर थोडं आभाळ. दुसऱ्या पलंगावर माझी जोडीदारीण. ती एका बेकरीत पहाटेच्या पाळीला जाते, मग वर्गांना बसते आणि आपल्याकडे संध्याकाळ होते त्या वेळी इथे दुपारी मेल्यासारखी झोपते. मुलगी चांगली आहे. पाव आणते.

कॉलेजात आमचं काम म्हणजे नद्या-तळ्यांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि त्यात काय काय मिसळलंय ते शोधत बसायचं. प्रोफेसर उंच, बारीक आणि एका पायावर भार टाकून उभे राहणारे. मी मनातल्या मनात त्यांचं नाव बगळा ठेवलंय.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. सवयीने मी समोरच्या बाकावरच्या मुलीला नुसत्या ओठांनी विचारलं, पेन आहे का. ती घाबरली, तिला वाटलं मला काहीतरी होतंय. आता इथे कुणाला कसं सांगू, की आमच्या घरात माणसं आवाजाशिवाय भांडतात? तुम्ही कापडगिरणीत मागांवर, आई शेजारच्या सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात, त्या धडधडाटात सगळेच ओठांनी बोलायचे, आणि तुमचे कान गेल्यावर तीच मागावरची बोली घरात मुक्कामाला आली. पाहुण्यांच्या देखत त्यांच्याच उखाळ्यापाखाळ्या काढत बसायचात दोघं. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं.

जेवण जमतंय. झोप जमत नाही. इथे फार शांत आहे.

तुमची
खारू


२ ऑक्टोबर

चि. खारूताईस आशीर्वाद. न मागता मिळतायत तर घेऊन ठेव.

पत्र आलं. मी वाचलं, मग आईने वाचलं, मग मी पुन्हा वाचलं, कारण ती वाचताना जशी हसत होती ते बघून मला वाटलं माझं काहीतरी वाचायचं राहिलं. राहिलं काही नव्हतं. तुझ्या आईला कुठेही हसू येतं.

पाण्याचं शिकायला एवढ्या लांब गेलीस आणि इथे आपल्या नळाला करंगळीएवढी धार. परत आलीस की पहिला तोच नळ बघ. बगळ्यालाही घेऊन ये.

शांततेची तक्रार माझ्याकडे करू नकोस. मी तिच्यातच राहतो. पहिली दोनेक वर्षं जड जातं, मग माणूस डोळ्यांनी ऐकायला लागतो.

घरी सगळं ठीक. माझे गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. शेजारची शिंपीणकाकू परवा जिन्यात गाठून मला म्हणते, "भाऊजी, वहिनींचा आवाज केवढा बसलाय, गरम पाणी-बिणी द्या त्यांना." हे मला सांगते! म्हणजे आंधळ्याकडे साडीच्या रंगाची तक्रार. मी आईला विचारलं तर म्हणाली, धूळ आहे, जाईल. मला तर ती रोजच्यासारखीच बोलताना दिसते. उलट तू गेल्यापासून जास्तच. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, आणि मी मान फिरवली की हाताला धरून परत आपल्याकडे वळवते.

थंडीचे कपडे घाल. दिसायला कसे दिसतात याचा विचार करू नकोस, तिथे तुला कोण ओळखतंय.

तुझा बाबा


९ नोव्हेंबर

बाबा,

तुमचं पत्र मी बसमध्ये वाचलं, कारण आम्ही तळ्यांच्या दौऱ्यावर निघालो होतो. बगळा, आम्ही सातआठ पोरं आणि रिकाम्या बाटल्यांच्या पेट्या. आधी बस, मग एक लहानशी गाडी, मग बोट. दौरा ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात बोटीच्या कडेला पोटावर पडून दोरीला बांधलेली बाटली खाली सोडायची, भरली की वर ओढायची, चिठ्ठी लावायची आणि पुढे. हातमोजे घातले तर गाठ बसत नाही, काढले तर बोटं आपली राहत नाहीत.

तळं फार सुंदर होतं. हे मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला खरं सांगते, मला त्या तळ्याची भीती वाटली. एवढं मोठं, आणि कसलाच आवाज नाही. मुक्कामाच्या जागी बाकीचे रोज जेवणानंतर पत्ते खेळत बसायचे. मला बोलावायचे, मी जायचे, पण त्यांचे विनोद माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांचं हसून झालेलं असायचं. पूर्ण दौऱ्यात मी जेवढं बोलले तेवढं आपली आई चहा गाळताना बोलते.

परत आल्यावर आईला फोन लावला. आई हल्ली फोनवरही मागावरची बोलीच बोलते, हे बरं झालं. मला काही अडत नाही, तुमच्यापेक्षा माझे डोळे तरुण आहेत. जोडीदारीण झोपलेली असते, म्हणून मीही ओठांनीच उत्तर देते. परवा ती मध्येच जागी झाली आणि बघते तर मी फोनकडे बघत नुसतं तोंड हलवतेय आणि हसतेय. तिला वाटलं फोन बिघडला आणि मला कळलेलंच नाही.

आईला गळ्याभोवती ते जाड कापड कशाला? तिकडे एवढी थंडी पडली का? बारीक वाटली मला. तुमच्या पथ्यात तिची उपासमार करू नका.

तुमची
खारू


३० नोव्हेंबर

चि. खारूताईस आशीर्वाद.

तळ्याला भ्यायचं नाही. पाणी आहे ते, त्याला बाटलीत भरणारी तू.

इथे सगळं उत्तम. मध्ये आम्ही दोघं शहरात जाऊन आलो. आईची जरा तपासणी करून घेतली. वय झालं की यंत्राला तेल-पाणी बघावं लागतं, त्यातलाच प्रकार. येताना तिला नवी चप्पल घेतली. बारीक वगैरे काही नाही, फोनमध्ये माणूस चपटा दिसतो. कापड गळ्याभोवती आहे कारण तिला शोभतं.

फोनचा आवाज गेलाय. दुकानदार म्हणतो, भाग मागवावा लागेल. तेव्हा ओठांनीच चालू द्या तुमचं.

तुझी परीक्षा नक्की कधी संपते? मागच्या पत्रात लिहिलं नाहीस. नीट कळव. पहिला पेपर कधी, शेवटचा कधी, आणि शेवटच्यानंतर लगेच काही असतं का. परीक्षा होईपर्यंत घराचा विचार डोक्यात आणायचा नाही. आई पण हेच म्हणते. तिने माझ्याकडून तसं वचनच घेतलंय, म्हणजे तुला अभ्यासाला बसवायचं.

शिंपीणकाकू बरी आहे. हल्ली रोज येते.

तुझा बाबा


१२ जानेवारी

बाबा,

परीक्षेच्या तारखा सोबतच्या कागदावर लिहिल्या आहेत. शेवटचा पेपर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. तुम्ही एवढं विचारताय, जणू तुम्हीच बसणार आहात.

हे पत्र आईला दाखवू नका, निदान मधला भाग तरी. डिसेंबरच्या चाचणीत मी एका विषयात नापास झाले. आईला फोनवर सांगितलं नाही. वर्गात मला समजतं, घरी येऊन वही उघडली की काहीच समजत नाही. सकाळी अंथरुणातून उठायचं कशाला, असं वाटतं. परवा मी सामान भरलं होतं. सगळं. मग जोडीदारीण पाव घेऊन आली, मी पाव खाल्ला आणि सामान परत बाहेर काढलं. एवढ्यावर निभावलं.

तुम्ही म्हणता माणूस डोळ्यांनी ऐकायला शिकतो. मी नाही शिकले, बाबा. मला आईचा आवाज हवाय. ती ओठांनी बोलते ते कळतं सगळं, पण पडदा बंद केला की काही उरत नाही. आवाज असला की तो खोलीत थोडा वेळ राहतो. तुम्हाला हे सांगणं बरोबर नाही हे मला कळतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

माझं एक काम करा. शिंपीणकाकूंचा फोन घ्या आणि त्यात आईला काहीही बोलायला लावून मला पाठवा. शिव्या घालू दे, भाजीचे भाव सांगू दे. मी रोज सकाळी ते लावीन आणि उठेन. काकूंना येतं कसं पाठवायचं ते.

एवढं कराच. परीक्षा मी देते.

तुमची
खारू


१६ फेब्रुवारी

चि. खारू,

तुझा शेवटचा पेपर होऊन गेला असेल असं धरून हे लिहितोय. पाणी पी, खाली बस आणि मग वाच.

आईच्या घशात गाठ होती. वाईट जातीची. नोव्हेंबरात शहरात गेलो ते त्यासाठीच. जानेवारीच्या शेवटी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, डॉक्टर म्हणतात सगळी निघाली. त्यात तिची आवाजाची पेटीही काढावी लागली. गळ्याला खाली एक भोक ठेवलंय, त्यातून ती श्वास घेते. सुरुवातीला नाकातल्या नळीने पातळ देत होते, आता चमच्याने घेते. चालते. मला रागावते. फोनचा आवाज गेलाय हे खोटं होतं, आणि ऑपरेशनच्या वेळी फोन दुरुस्तीला दिलाय असं काकूकरवी तुला कळवलं तेही, तेव्हा ती दवाखान्यात होती. शिंपीणकाकूलाही मीच शपथ घातली होती, तिच्यावर चिडू नकोस.

आधी का कळलं नाही म्हणशील. कळणार कसं? तू गेलीस तेव्हाच तिचा आवाज बसायला लागला होता. घरात ऐकणारी तू एकटीच होतीस. मी तिच्यासमोर बसून रोज दोन वेळ जेवलो, ती बोलत होती, मी बघत होतो, आणि मला एक अक्षर कमी झालेलं दिसलं नाही. आवाज नीट फुटेना म्हणून ती फोनवरही ओठांनी बोलायला लागली आणि तुलाही काही वेगळं वाटलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात हे चार दिवसांत कुणाच्यातरी ध्यानात आलं असतं. आपल्या घराला हीच सवय.

आता दुसरं. तुझं पत्र ऑपरेशनच्या आधी आलं. आवाज होता अजून. बसका, फाटका, पण काकू म्हणाली होती की कळतं काय बोलतात ते. मी पत्र वाचलं आणि तिला दाखवलं नाही, सांगितलंही नाही. मला वाटलं, तो आवाज ऐकलास की तू सामान भरून निघून येशील, या वेळी पाव आडवा येणार नाही. वर्ष जाईल. आणि खरं सांगतो, मला असंही वाटलं की आवाजाचं काय एवढं. वीस वर्षं मी तिचा आवाज ऐकलेला नाही आणि आमच्यात काही कमी पडलं नाही. ती असली म्हणजे झालं. ओठ आहेत, तोंड आहे, बोली आहे. तुला चालवून घेता येईल असं मला वाटलं.

पेपर कसे गेले ते कळव.

तुझा बाबा


२५ फेब्रुवारी

बाबा,

पेपर गेले. कसे गेले ते आठवत नाही.

पत्र वाचून लगेच फोन लावला. आईने गळ्यावरचं कापड बाजूला करून दाखवलं, जशी नवी चप्पल दाखवली होती तसंच. मला म्हणाली, बघ, आता सर्दी झाली तरी नाक चोंदायची भीती नाही. मी तोंड उघडलं, पण आवाज बाहेर पडेना, नुसते ओठ हलले. ती म्हणाली, रडू नकोस, परीक्षा झाली ना. मग आम्ही दोघी तशाच रडलो. जोडीदारीण शेजारी झोपलेली होती, तिला कळलंही नाही.

तुम्ही मला परीक्षेपर्यंत सांगितलं नाहीत, ते मी समजून घेईन. कधीतरी घेईन. पण पत्र हातात असताना तिला सांगितलं नाहीत ते मला नाही समजून घेता येणार. आवाजाचं काय एवढं, असं तुम्हाला वाटलं, कारण तुमचा कधीच गेला होता. माझा नव्हता गेला. एक मिनिट लागलं असतं, बाबा. फाटका तर फाटका.

आता मला तिचा आवाज आठवत नाही. खोटं वाटेल तुम्हाला. ती काय काय बोलायची ते सगळं आठवतं, कसं बोलायची ते आठवायला गेले की फक्त ओठ दिसतात. सहा महिन्यांत मी एवढं विसरले. कसा होता तिचा आवाज? आणि हे मी विचारतेय कुणाला?

जूनपर्यंत इथलं काम संपत नाही. सोडून यायचं म्हटलं तर येईन. पण आता येऊन ऐकू काय?

खारू


१२ मार्च

चि. खारू,

तुझं पत्र मी या वेळी आईला दाखवलं. आधीचंही दाखवलं. तिने दोन्ही वाचली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आमच्या घरात हे करायला फार काही लागत नाही, नुसतं माझ्याकडे पाठ करायची. तशी ती बसली. मी स्वयंपाक केला, ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर पडलो. म्हटलं, मला माहीत नाही, पण ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांना तर माहीत असेल. आधी शिंपीणकाकूकडे गेलो. विचारलं, हिचा आवाज कसा होता? तिला वाटलं माझं डोकं फिरलं. म्हणाली, चांगला होता हो. मी म्हटलं, चांगला म्हणजे कसा, जाड, पातळ? ती म्हणाली, भाऊजी, असं कधी लक्ष देऊन ऐकलं नाही. मग डोळ्याला पदर लावला. पदराआडून पुढे काय बोलली ते मला दिसलं नाही.

भाजीवाली म्हणाली, खणखणीत, घासाघीस करायच्या तेव्हा पलीकडच्या गाड्यापर्यंत ऐकू जायचं. कांड्यांच्या खात्यातली तिची मैत्रीण म्हणाली, तिथे कुणाचाच आवाज कुणी ऐकला नाही. वाण्याने सांगितलं, तुमच्या मुलीसारखाच, फोनवर सामान सांगितलं की आई की मुलगी ते कळायचं नाही. हे मला नवीन होतं. तुझा आवाज मी तू लहान असतानाच शेवटचा ऐकलाय, तेव्हा तू फक्त किंचाळायचीस.

शेवटी शहरात जाऊन दवाखान्यात गेलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ज्या नर्सबाई होत्या त्यांना शोधून काढलं. त्यांना ती लक्षात होती. म्हणाल्या, बाबा, तुम्ही त्यांच्याजवळच तर बसला होतात. खरंच बसलो होतो. त्या दुपारी तिने माझा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि बोलत राहिली. माझ्या तळव्याला थरथर लागत होती, चालू मागाच्या लाकडावर हात ठेवला की लागते तशी. मला वाटलं भीती वाटतेय म्हणून बोलतेय, मी मान डोलवत होतो. नर्सबाई म्हणाल्या, त्या मोठ्याने बोलत होत्या, आख्खा वॉर्ड ऐकत होता. घोगरा, मध्ये मध्ये तुटणारा, तरी जोर लावून. तुमच्या लग्नापासूनचं सगळं सांगत होत्या. मग तुझं नाव घेऊन हाक मारली, दोनतीन वेळा, लांब कुणाला मारावी तशी. ते मलाही तिच्या ओठांवर दिसलं होतं. आणि मी मूर्खासारखं दाराकडे बघितलं, तू आलीस की काय म्हणून.

तिचं शेवटचं बोलणं सगळ्या वॉर्डाला मिळालं. मला नाही आणि तुलाही नाही. माझं राहू दे, माझ्याकडे कानच नाहीत. तुझं मी राहू दिलं. त्याला माफी मागायची कशी ते मला माहीत नाही. एवढी माणसं विचारून मी तुझ्यासाठी हे चार शब्द गोळा केलेत, खणखणीत, घोगरा, तुझ्यासारखा, चांगला. यातून आवाज होत नाही हे मला कळतं.

डॉक्टर म्हणतात, पुढे गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्यातून बोलता येतं. आईने विचारलं, आवाज कुणाचा? ते म्हणाले, यंत्राचा. ती म्हणाली, यंत्राचा आवाज आम्ही पुष्कळ ऐकलाय, नको.

काल ती माझ्याकडे तोंड करून बसली. मी तिला सगळं सांगितलं, कुठे कुठे गेलो, कोण काय म्हणालं. तिने ऐकून घेतलं. मग तिने मला एक विचारलं. ते तुला फोनवर विचारायचं म्हणून तिच्या मनात केव्हापासून होतं, पण तुझा चेहरा बघून धीर होत नव्हता, म्हणून पत्रात लिहा म्हणाली. तिने विचारलं, नोव्हेंबरपासून खारू पण नुसतं तोंड का हलवते? तिचा आवाज मी ऐकलेला नाही. मला तर ऐकू येतं. तिचा घसा बरा आहे ना?

मी तिला सांगितलं, तुझी जोडीदारीण झोपलेली असते. तिचा विश्वास बसलेला नाही. तरी तू लवकर फोन कर आणि बोल.

तुझा बाबा